विश्लेषण : मॉक टेस्ट भरपूर, गुण मात्र तेवढेच! चुकलेल्या उत्तरांचे करायचे काय?

दिवाळी झाली की बारावी विज्ञानच्या विद्यार्थ्यांची टेस्ट सीरिज सुरू होते. एमएचटी-सीईटी, नीट, जेईई यांपैकी कोणतीही परीक्षा असो, क्रम ठरलेला असतो. आधी आठवड्याला एक पेपर, मग दोन, बोर्डाची परीक्षा संपल्यावर जवळजवळ रोज. पेपर संपला की ॲपवर गुण दिसतात, बॅचमधला क्रमांक दिसतो, घरी फोन जातो आणि दुसऱ्या दिवशी पुढचा पेपर. तीस-चाळीस पेपर सोडवूनही गुण वीस-पंचवीसच्या पट्ट्यातच खाली-वर होतात, अशी तक्रार मग एप्रिलमध्ये ऐकू येते. अशा वेळी आणखी पेपर सोडवण्याचा सल्ला मिळतो. पण आधीच्या पेपरांत जे चुकले, त्याचे पुढे काय झाले, हे फारसे कोणी विचारत नाही. विद्यार्थ्याने काय शिकायचे राहिले आहे, याची सर्वात नेमकी माहिती त्याच्या चुकलेल्या उत्तरांतच असते. ती कशी वाचायची?

एकूण गुणांत काय लपते?

सीईटीचे उदाहरण घेऊ. पीसीएम गटात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे, तर गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, असा २०० गुणांचा पेपर असतो. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न मोकळा न सोडणे हेच शहाणपणाचे आणि सगळे तेच करतात. आता एखाद्या विद्यार्थ्याला ४० प्रश्न अजिबात आले नाहीत आणि त्याने ते डोळे मिटून भरले, तर चारांत एक या हिशोबाने साधारण १० बरोबर निघतील. निकालात हे १० प्रश्न ‘बरोबर’ या रकान्यात जातात. विश्लेषण करताना विद्यार्थी फक्त लाल झालेले प्रश्न उघडतो. हिरव्या रंगात लपलेले न आलेले प्रश्न तसेच राहतात. पुढच्या पेपरात नशिबाने १० ऐवजी सहा बरोबर आले की ‘गुण का घसरले’ म्हणून घरात चिंता सुरू. वास्तविक काहीच घसरलेले नसते.

नीटमध्ये हिशोब वेगळा. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार आणि चुकीला एक गुण वजा. समजा, १५० बरोबर आणि ३० चूक आले, तर गुण होतात ५७०. या ३० पैकी १० चुका दुरुस्त झाल्या तर ६२०. म्हणजे दहा प्रश्नांत ५० गुणांची वाढ. एखादा नवा धडा पहिल्यापासून शिकून दोन-चार प्रश्न हाती लागतात, त्याला दिवस जातात. ज्या प्रश्नांवर विद्यार्थी आधीच एकदा पोहोचला आहे, ज्यातले अर्धेअधिक त्याला येते, ते दुरुस्त करायला त्यापेक्षा पुष्कळ कमी वेळ लागतो. तरीही शेवटच्या दोन महिन्यांत बहुतेकांचा ओढा ‘राहिलेल्या धड्यां’कडेच असतो.

नुसते पेपर सोडवल्याने काहीच शिकणे होत नाही का?

होते, आणि बरेच होते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. एका गटाने तो पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. त्यांना ८१ टक्के आठवले, दुसऱ्या गटाला ७५ टक्के. आठवड्याने चित्र उलटे झाले. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होते, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. स्वतःची परीक्षा घेणे हीच अभ्यासाची एक पद्धत आहे, हे त्यातून दिसले. टेस्ट सीरिजच्या बाजूने हा भक्कम पुरावा आहे.

मात्र बहुपर्यायी प्रश्नांना एक धोका चिकटलेला आहे. रोडिगर आणि एलिझाबेथ मार्श यांनी २००५ मध्ये दाखवले, की पर्यायांचे प्रश्न सोडवल्यावर विद्यार्थ्यांचे एकूण ज्ञान वाढते. पण त्याच वेळी काही चुकीचे पर्याय खरे म्हणून डोक्यात बसतात आणि नंतरच्या, पर्याय नसलेल्या परीक्षेत उत्तर म्हणून बाहेर येतात. यावरचा उपाय २००८ मधील एका अभ्यासाने तपासला. अँड्र्यू बटलर आणि रोडिगर यांना आढळले, की विद्यार्थ्यांना बरोबर उत्तर सांगितले की हा दुष्परिणाम कमी होतो, आणि प्रत्येक प्रश्नानंतर लगेच सांगण्यापेक्षा पेपर संपल्यावर सांगितले तर फायदा जास्त. याचा सरळ अर्थ असा, की पेपर देऊन तो न तपासता पुढे जाणे म्हणजे वेळ वाया जाणेच नव्हे. त्यात चुकीची माहिती पक्की होण्याचीही शक्यता असते. शिवाय एकेका प्रश्नानंतर उत्तर डोकावून पाहण्याची सवय, जी मोबाइलवर सराव करताना हमखास लागते, तीही फारशी कामाची नाही.

चुकीचे पर्याय इतके खरे का वाटतात?

कारण ते तसेच तयार केलेले असतात. चांगला प्रश्न काढणारा आधी विद्यार्थी कुठे चुकतील याचा अंदाज घेतो आणि त्या चुकीतून येणारे उत्तर पर्यायात ठेवतो. ‘गाडीने अर्धे अंतर ताशी ४० किमी वेगाने आणि उरलेले अर्धे ताशी ६० किमी वेगाने कापले, तर सरासरी वेग किती?’ या प्रश्नात ५० हा पर्याय असणारच. बरोबर उत्तर ४८, कारण कमी वेगाने जाताना गाडीचा जास्त वेळ गेलेला असतो. गणितात √(x+२) = x या समीकरणाला किती उकली, असे विचारले तर वर्ग करून २ आणि −१ मिळतात आणि ‘दोन’ हा पर्याय समोरच दिसतो. −१ मूळ समीकरणात घालून पाहिले, की एक बाजू १ आणि दुसरी −१ येते. म्हणजे उकल एकच.

उत्तर पर्यायात सापडले म्हणजे ते बरोबर, हा विद्यार्थ्यांचा सर्वात महागडा समज आहे. चुकलेला पर्याय कोणत्या वाटेने आला, हे शोधले की प्रश्न काढणाऱ्याने अंदाज केलेली चूक आणि आपली चूक एकच होती का, हे कळते. बहुतेक वेळा एकच असते.

‘सिली मिस्टेक’ म्हणजे नेमके काय?

क्लासमध्ये, घरी, मित्रांत सर्वाधिक वापरला जाणारा शब्द हा. ‘अठ्ठावीस चुकले, पण त्यातले पंधरा सिली होते.’ हे म्हटले की पंधरा प्रश्नांचा विषय संपतो. मुलालाही बरे वाटते, पालकांनाही. पण सिली म्हणून बाजूला टाकलेली चूक पुढच्या पेपरात पुन्हा येते, आणि पुन्हा सिलीच म्हटली जाते. या शब्दावर काही दिवस बंदी घातली आणि प्रत्येक चुकीला दुसरे काहीतरी नाव द्यायचे ठरवले, तर चित्र स्पष्ट होऊ लागते.

काही चुका वाचण्यातल्या असतात. जीवशास्त्रात ‘खालीलपैकी अयोग्य विधान कोणते’ असे विचारलेले असते. पहिलेच विधान असते, प्रौढ माणसाच्या लाल रक्तपेशींत केंद्रक नसते. विधान खरे आहे, ओळखीचे आहे, आणि विद्यार्थी ते भरून मोकळा होतो. ज्ञान पूर्ण, गुण वजा एक. याला उपाय धडा पुन्हा वाचणे हा नाही. ‘अयोग्य’ शब्दाभोवती पेनने गोल करणे आणि चारही विधानांपुढे खरे-खोटे लिहिणे हा आहे. विधान-कारण प्रकारच्या प्रश्नांतही असेच होते. दोन्ही वाक्ये खरी असतात, पण दुसरे पहिल्याचे कारण आहे का, हे तपासायचेच राहते.

काही चुका सूत्र कुठे लागू पडते, हे न पाहिल्याच्या असतात. एसटीपीला १८ मिली पाण्यात रेणू किती, असे विचारले की कित्येकजण १८ ला २२,४०० ने भागू लागतात. तो आकडा वायूंसाठी. पाणी तिथे वायू नाही. १८ मिली पाणी म्हणजे सुमारे १८ ग्रॅम, म्हणजे एक मोल. ही चूक करणारा ‘मला मोल कन्सेप्ट येतो, घाईत झाले’ असे म्हणतो. त्याला सूत्र येते, त्याची अट येत नाही. ही सिली नव्हे, धड्यातली पोकळी आहे.

आकडेमोडीच्या चुकांतही ठरावीक जागा असतात. कोणाचे उणे चिन्ह कंस सोडवताना हरवते, कोणी सेंटिमीटरचे मीटर करायला विसरतो, कोणी दहाच्या घातांत गडबडतो. एकाच विद्यार्थ्याच्या पाच पेपरांतल्या अशा चुका शेजारी ठेवल्या तर त्या चार-पाच प्रकारांपलीकडे सहसा जात नाहीत.

आणि एक प्रकार असा, की चूक एका प्रश्नात दिसते पण घडलेली असते दुसऱ्याच प्रश्नात. सीईटीत भौतिक-रसायनच्या १०० प्रश्नांना ९० मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे ५४ सेकंद. गणिताला १०८ सेकंद. गणितातल्या एका प्रश्नावर कोणी सहा मिनिटे झुंजला आणि शेवटी उत्तर बरोबर काढले, तर तो प्रश्न हिरवा दिसतो. शेवटचे आठ प्रश्न मात्र घाईत भरून चुकतात. ते आठ धडे पुन्हा वाचून काय होणार? दुरुस्ती त्या बरोबर आलेल्या प्रश्नात हवी होती. तो दोन मिनिटांनी सोडायला हवा होता. ॲपवर प्रश्नागणिक लागलेला वेळ दिसत असेल तर तो रकाना गुणांच्या आधी पाहावा.

पूर्ण खात्रीने दिलेले उत्तर चुकले तर?

ती चूक सर्वात मौल्यवान, असे संशोधन सांगते. ब्रॅडी बटरफील्ड आणि कोलंबिया विद्यापीठातील जॅनेट मेटकाफ यांनी २००१ मध्ये एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. ठाम खात्रीने दिलेले चुकीचे उत्तर सुधारणे कठीण असेल असे वाटते. प्रत्यक्षात बरोबर उत्तर कळल्यावर अशा चुका अंदाजाने केलेल्या चुकांपेक्षा जास्त प्रमाणात सुधारतात. धक्का बसतो आणि लक्ष जाते, हे त्यामागचे एक स्पष्टीकरण दिले जाते. विद्युतभारित पोकळ वाहक गोलाच्या आत विद्युत क्षेत्र शून्य, म्हणून विभवही शून्य, असे छातीठोकपणे भरणाऱ्याला आत विभव शून्य नसून पृष्ठभागावर असते तेवढेच असते हे कळले, की ते लक्षात राहते.

पण किती दिवस? बटलर, लिसा फाझिओ आणि मार्श यांचा २०११ मधील अभ्यास इथे सावध करतो. आठवड्यानंतरही अशा चुकांची दुरुस्ती बऱ्याच अंशी टिकून होती. मात्र ज्यांना बरोबर उत्तर आठवले नाही, ते पुन्हा आपल्या जुन्या, ठाम चुकीकडे वळले. म्हणजे ‘आता कळले, पुन्हा नाही चुकणार’ हे त्या दिवशी खरे असते, महिन्याभराने असेलच असे नाही.

यासाठी एक साधी सोय आहे. पेपर सोडवतानाच कच्च्या कागदावर प्रश्न क्रमांकापुढे खूण करावी. खात्री असेल तर काही नाही, दोन पर्यायांत अडकला असेल तर टिंब, निव्वळ अंदाज असेल तर फुली. प्रश्नामागे एक सेकंदही लागत नाही. तपासताना मग तीन गोष्टी एकदम कळतात. खात्री असूनही काय चुकले, अंदाजाने काय बरोबर आले, आणि टिंबवाल्या प्रश्नांत आपला कौल किती वेळा योग्य निघतो. नीट आणि जेईईत जोखीम कधी घ्यायची, याचे उत्तर या तिसऱ्या आकड्यात आहे. दोनच पर्याय उरले असतील तर सरासरीने प्रश्नामागे दीड गुण मिळायला हवा. दहा टिंबांत दोनच बरोबर येत असतील, तर विद्यार्थी पर्याय गाळण्यातच चुकतो आहे, आणि त्या धड्यात हात आखडता घेतलेला बरा.

चुकांची वही कशी असावी?

बहुतेकांनी ती एकदा तरी सुरू केलेली असते. रंगीत पेनांनी, प्रश्न पूर्ण उतरवून, उत्तर सुवाच्य अक्षरात. दहा पानांनंतर ती थांबते, कारण एवढे लिहायला पेपर सोडवण्याइतकाच वेळ जातो. प्रश्न उतरवण्याची गरजच नाही. पेपर आणि प्रश्नाचा क्रमांक, धडा, आणि एका वाक्यात आपण काय विचार केला व तो कुठे चुकला. ‘अंतर अर्धे होते, मी वेळ अर्धा धरला.’ ‘अयोग्य वाचले नाही.’ एवढे पुरे. ‘कन्सेप्ट क्लिअर नाही’ असे लिहिणे म्हणजे न लिहिण्यासारखेच.

नोंद करण्याआधी मात्र तो प्रश्न उत्तर न बघता पुन्हा सोडवायला हवा. हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो. विद्यार्थी थेट व्हिडीओ लावतो, सर फळ्यावर तीन ओळींत सोडवतात, मान डोलावली जाते. दुसऱ्याने सोडवलेले समजणे आणि आपल्याला सोडवता येणे यांत मोठे अंतर आहे, आणि व्हिडीओ पाहताना ते जाणवत नाही. दुसऱ्या प्रयत्नात वेळेचे दडपण नसताना उत्तर आले, तर चूक घाईची किंवा वाचनाची. नाही आले, तर धडा कच्चा. सिली आणि खरी चूक वेगळी करण्याची यापेक्षा सोपी चाचणी नाही.

मग साधारण आठवड्याने तेच प्रश्न पुन्हा, आणि शक्य असल्यास थोडे बदलून. सरासरी वेगाच्या प्रश्नात अर्ध्या अंतराऐवजी ‘अर्धा वेळ ४०, अर्धा वेळ ६०’ असे केले की उत्तर ५० होते. ज्याने कारण समजून न घेता ‘५० नाही, ४८’ एवढेच पाठ केले, तो इथे पकडला जातो.

या सगळ्याला वेळ लागतो. तीन तासांच्या पेपरामागे दोन-अडीच तास धरून चालावे. तेवढे नसतील तर आठवड्याचे पेपर कमी करणे हाच मार्ग. टेस्ट सीरिजचे पैसे भरले आहेत म्हणून सगळे पेपर द्यायलाच हवेत, असा घरचा आग्रह असतो. तो समजण्यासारखा असला तरी उपयोगाचा नाही.

हे माहीत असूनही मुले टाळतात का?

टाळतात, आणि त्याला आळस हे एकच कारण नसते. लॉरेन एस्क्रिस-विंकलर आणि आयलेट फिशबाख यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना दोनच पर्यायांचे प्रश्न दिले. काहींना त्यांची बरोबर उत्तरे सांगितली, काहींना चुकलेली. दोनच पर्याय असल्याने ‘हे चुकले’ म्हटले की बरोबर उत्तर आपोआप कळते. माहिती दोघांना सारखीच. तरीही चुका सांगितलेल्यांनी कमी शिकून घेतले. अपयश स्वतःच्या प्रतिमेला टोचते आणि माणूस लक्ष काढून घेतो, असा त्यांचा निष्कर्ष. दुसऱ्याच्या चुका पाहताना मात्र लोक नीट शिकत होते, कारण तिथे स्वतःला काही टोचत नव्हते.

आपल्याकडे तर टोचणी वाढवण्याची सगळी व्यवस्था आहे. क्रमांकानुसार बॅच, पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर गुणांची यादी, आणि घरात पहिला प्रश्न ‘किती पडले?’ अशा वातावरणात लाल प्रश्न उघडून बसणे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला जड जाते. दोन मित्रांनी आठवड्यातून एकदा चुकांच्या वह्या अदलाबदल करून एकमेकांच्या चुका सोडवून दाखवणे, हा वरच्या प्रयोगातून सुचणारा आणि बिनखर्चाचा उपाय. पालकांनी विचारायचेच तर ‘या वेळी कोणती चूक नव्याने सापडली?’ असे विचारून पाहावे. उत्तर समजले नाही तरी चालते.

उत्तरसूचीच चुकीची असेल तर?

असे होते, आणि मोठ्या परीक्षांतही होते. नीट २०२४ मध्ये अणूंविषयीच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे आधी ग्राह्य धरली गेली होती. ‘प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात’ या आशयाचे विधान एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीप्रमाणे बरोबर ठरत होते, नव्याप्रमाणे चूक. सर्वोच्च न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचे मत मागवले, त्यांनी एकच उत्तर योग्य ठरवले, आणि दुसरा पर्याय निवडलेल्या चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे पाच-पाच गुण कमी होऊन जुलैत सुधारित निकाल लागला. सीईटीत २०२५ मध्ये २७ एप्रिलच्या एका सत्रातील गणिताच्या २१ प्रश्नांत चुका निघाल्याने ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. खासगी टेस्ट सीरिजच्या उत्तरसूचींत तर चुका अधूनमधून असतातच. म्हणून दोनदा सोडवूनही उत्तर जुळत नसेल, तर पाठ्यपुस्तक उघडावे, आणि तेही चालू आवृत्तीचे; मग शिक्षकांना दाखवावे. मराठी माध्यमातून नीट देणाऱ्यांनी शंका आली की शेजारचा इंग्रजी मजकूर वाचण्याची सवय सरावातच लावावी, कारण अनुवादात फरक आढळल्यास इंग्रजी प्रश्न अंतिम धरला जातो.

मुख्य परीक्षेनंतर एनटीए आणि सीईटी कक्ष दोघेही विद्यार्थ्याने दिलेली उत्तरे आणि तात्पुरती उत्तरसूची ठरावीक दिवसांसाठी संकेतस्थळावर ठेवतात. बहुतेकजण त्यावरून गुण मोजतात आणि पान बंद करतात. जेईई मेन जानेवारी आणि एप्रिल अशा दोन सत्रांत होते. एप्रिलला पुन्हा बसणाऱ्यासाठी जानेवारीची ही उत्तरपत्रिका कोणत्याही टेस्ट सीरिजपेक्षा मोलाची, कारण ती खऱ्या दडपणाखाली सोडवलेली असते. लिंक बंद होण्याआधी ती उतरवून ठेवावी.